दुखण्याचा उतार आणि कविता : ‘रोगशय्याय’ व ‘आरोग्य’

१

रवींद्रनाथ ठाकुरांच्या अखेरच्या पर्वातील कवितेचा विचार बहुधा दोन टोकांच्या आधारे केला जातो. पहिले टोक ‘प्रांतिक’चे. सप्टेंबर १९३७ मध्ये शांतिनिकेतनात ते एकाएकी बेशुद्ध झाले. त्या अंधारातून परत आल्यानंतर जे लिहिले गेले, त्यातून ‘प्रांतिक’ या अठरा कवितांच्या संग्रहाचा गाभा घडला. दुसरे टोक ‘शेषलेखा’चे. ७ ऑगस्ट १९४१ रोजी कवीचे निधन झाल्यानंतर हा संग्रह प्रसिद्ध झाला. एकीकडे मृत्यूच्या उंबरठ्यावरून परतणे, दुसरीकडे तो ओलांडणे. या दोन्ही प्रसंगांत स्वाभाविक नाट्य आहे आणि समीक्षेला नाट्याचे आकर्षण असते.

या दोन टोकांच्या मधला काळ मात्र नाट्यशून्य आहे. सप्टेंबर १९४० च्या अखेरीस कालिंपाँग येथे मूत्रमार्गाच्या विकाराने रवींद्रनाथ पुन्हा गंभीर आजारी झाले. त्यांना कलकत्त्यास जोडासाँकोच्या वडिलोपार्जित घरी आणण्यात आले. नोव्हेंबरात ते शांतिनिकेतनला परतले. ‘उदयन’ या घरातील खोली, बिछाना, आरामखुर्ची आणि खिडकी एवढेच यापुढे त्यांचे जग होते. दुखणे हटले नव्हते, मरणही आलेले नव्हते. दिवसामागून दिवस जात होते आणि प्रकृतीत पडणारा फरक दिवसांच्या मापाने मोजता येण्याजोगा नव्हता. ‘रोगशय्याय’ (पौष १३४७ बंगाब्द, म्हणजे १९४० ची अखेर) आणि ‘आरोग्य’ (फाल्गुन १३४७, म्हणजे १९४१ चा प्रारंभ) हे दोन संग्रह या काळाची निर्मिती होत. मृत्यूचे काव्य जगातील सर्व भाषांत विपुल आहे. दुखण्याला सावकाश पडणाऱ्या उताराचे काव्य विरळा. या दोन संग्रहांचे महत्त्व प्रथम या विरळेपणात आहे.

तथापि एक प्रश्न आरंभीच पुढे ठाकतो. ‘आरोग्य’ प्रसिद्ध झाल्यानंतर सहा महिन्यांच्या आत कवीचे निधन झाले. तेव्हा या संग्रहातील आशा ही फसलेली आशा मानावयाची काय? ज्या शीर्षकाला देहाने साथ दिली नाही, त्या शीर्षकाचा अर्थ काय लावावयाचा? या प्रश्नाचे उत्तर चरित्रात सापडत नाही. ते कवितांतच शोधावे लागते.

२

मराठी वाचकाच्या बाबतीत येथे शब्दाचाच एक अडसर उभा राहतो. मराठीत ‘आरोग्य’ म्हणजे प्रकृतीची निकोप अवस्था. आरोग्य असते किंवा नसते. आजारातून उठण्याच्या क्रियेसाठी मराठी भाषा दुसरे शब्द योजते. दुखण्याला उतार पडतो, माणूस बरा होतो, अंथरुणातून उठतो, हिंडूफिरू लागतो. बंगालीत मात्र ‘आरोग्य’ या शब्दाने रोगातून मुक्त होण्याची क्रियाही सुचविली जाते. तेथे ती केवळ अवस्था नाही, वाटचालही आहे. मराठी वाचक या शीर्षकाचा अर्थ ‘निकोप प्रकृती’ असा करील, तर त्याला पहिल्या कवितेपासूनच चुकल्यासारखे वाटेल, कारण निकोप प्रकृतीचे वर्णन येथे कोठेच नाही. शीर्षकातील वाटचाल ध्यानी घेतली, तरच संग्रह उलगडू लागतो. कवी बरा झालेला नाही, तो बरा होत आहे, आणि या ‘होत असण्या’लाच त्याने नाव दिले आहे.

दोन्ही संग्रहांतील कवितांना स्वतंत्र शीर्षके बहुधा नाहीत, क्रमांक आहेत. कवितेखाली स्थळ व दिनांक नोंदलेला असतो आणि अनेकदा सकाळ, दुपार, सायंकाळ अशी वेळही. जोडासाँको, नोव्हेंबर, उदयन, जानेवारी, सकाळ. निरोगी कवीच्या वहीतही अशा नोंदी असतात, परंतु येथे त्यांना वेगळा अर्थ प्राप्त होतो. रुग्णाच्या उशाशी टांगलेल्या तापाच्या तक्त्याप्रमाणे त्या वाचकाला वेळेचे भान देत राहतात. ही कविता एका सकाळेपुरती आहे, तिने उद्याची हमी दिलेली नाही, असे त्या सांगतात. हात चालेनासा झाल्यावर यांतील कित्येक कविता सांगून लिहवून घेतल्या गेल्या. त्यांचा आटोपशीरपणा, एका प्रतिमेवर थांबणे, यमकाचा आग्रह सैल होणे, ओळींची लांबी श्वासागणिक कमीजास्त होणे, या साऱ्यांचा या परिस्थितीशी निकटचा संबंध आहे. पूर्वीच्या रवींद्रनाथांचा ओघ येथे नाही. दमून थांबणाऱ्या आणि पुन्हा सुरू होणाऱ्या माणसाची गती आहे.

या उणेपणाची कवीला पूर्ण जाणीव होती. ‘रोगशय्याय’ची पहिलीच कविता याची साक्ष देते. देवसभेत नृत्य करताना थकलेल्या उर्वशीचा ताल क्षणभर चुकला, तरी इंद्र क्षमा करीत नाही. मानवांच्या सभेतही स्वर्गाचाच तो न्याय जागा आहे, म्हणून आपली काव्यकला संकोचली आहे, असे कवी म्हणतो. ऐंशीच्या घरात पोहोचलेला, विश्वमान्य झालेला कवी दुखण्यातल्या आपल्या कवितेविषयी असा बिचकतो, ही गोष्ट सामान्य नाही. आजारपण माणसाच्या मिळकतीवर, कर्तृत्वावर, आत्मप्रतिमेवर घाला घालते. त्या घाल्याची कबुली देऊनच हा संग्रह सुरू होतो. धीराचा पहिला धडा येथे आहे : चुकलेल्या तालासह नाचावयास उभे राहणे.

३

‘रोगशय्याय’मध्ये शांती आहे, परंतु ती फुकटची नाही. या संग्रहाकडे केवळ ‘ऋषितुल्य कवीचे समाधान’ म्हणून पाहणारे वाचक त्यातील वेदनेकडे डोळेझाक करतात. नोव्हेंबर १९४० च्या प्रारंभी लिहिलेल्या एका कवितेत विश्वाच्या विस्ताराखाली यातनेचे एक यंत्र गरगरत आहे आणि ग्रहताऱ्यांचा चुरा होत आहे, अशी भीषण प्रतिमा येते. त्या प्रचंड यंत्रासमोर माणसाचा इवलासा देह, आणि तरीही त्या देहाची सहन करण्याची अमर्याद ताकद, असा विरोध तीत उभा केला आहे. वेदनेला येथे गोड केलेले नाही, तिचे पुण्यात रूपांतरही केलेले नाही. जडाच्या विश्वव्यापी चक्रात सोसणे ही एकच गोष्ट माणसाची स्वतःची आहे, एवढाच तिचा दावा आहे. दुसऱ्या एका कवितेत डोळ्यांना मिळालेला असंख्य दिवसांचा प्रकाश हे ऋण होते आणि सावकार आता ते परत मागावयास आला आहे, अशी कल्पना आहे. तक्रार आहे, पण हिशेब नाकारलेला नाही.

रात्र हा या संग्रहाचा मुख्य ऋतू म्हणावा लागेल. दीर्घ आजाराचा अनुभव ज्यांनी जवळून घेतला आहे, त्यांना रुग्णाची रात्र दिवसापेक्षा मोठी असते हे सांगावे लागत नाही. रोगदुःखाच्या निबिड अंधारात मधूनमधून दिसणाऱ्या एका प्रकाशबिंदूची कविता येथे आहे, आणि तिच्याच जोडीला, काव्यगुणाने कदाचित तिच्याहून सरस, अशी चिमणीची कविता आहे. पहाट पुरती झालेली नसताना खिडकीच्या काचेवर चोच मारणारी, काही खबर आहे काय हे पाहणारी, मग उगाच नाचणारी आणि चिवचिवणारी ही चिमणी कोणत्याही काव्यपरंपरेतील मानाचा पक्षी नव्हे. भारतीय कवितेने कोकिळेला, चातकाला, राजहंसाला जे स्थान दिले, ते चिमणीला क्वचितच दिले. परंतु जागून काढलेल्या रात्रीनंतर कवी ज्याची आशा करतो, तो आवाज कोकिळेचा नाही, काचेवरच्या या पहिल्या टकटकीचा आहे. आशेचे प्रमाण येथे किती लहान झाले आहे, हे पाहण्याजोगे आहे. बरे होण्याची आशा नव्हे, दीर्घायुष्याची नव्हे. पहाट होण्याची आशा. ही आशा मात्र रोज पुरी होते. म्हणूनच ती टिकते.

या ठिकाणी या दोन संग्रहांचे मर्म हाती येऊ लागते. दीर्घ दुखण्यात धीर सुटतो तो बहुतेक वेळा आशा फार लांबच्या गोष्टीला बांधल्यामुळे. ‘पूर्ण बरा केव्हा होईन’ या प्रश्नाला रोजचे उत्तर ‘अजून नाही’ असेच मिळते आणि तीनशे नकार पचविण्याची शक्ती कोणाजवळ नसते. रवींद्रनाथांची कविता हा प्रश्न विचारीतच नाही. आज किती जग परत आले, एवढेच ती विचारते. आणि आज चिमणी आली, असे तिला उत्तर मिळते.

४

‘आरोग्य’मध्ये हे परत येणारे जग हळूहळू रुंदावत जाते. संग्रहाच्या प्रारंभी स्वर्गाबरोबर पृथ्वीच्या धुळीलाही मधुर म्हटले आहे. उपनिषदांतील मधुविद्येचा हा प्रतिध्वनी सुशिक्षित वाचकाला लगेच ऐकू येतो. परंतु या कवितेचे बळ त्या प्रतिध्वनीपेक्षा धुळीत अधिक आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला धूळ अप्राप्य असते, कारण तिच्यासाठी पाय जमिनीला लागावे लागतात. तिचा टिळा कपाळी लावण्याची भाषा त्याच्या तोंडी आली की ती अलंकार राहत नाही.

पुढे रुग्णाच्या एकांत खोलीची एक कविता येते. उघड्या दारातून बिछान्यावर तिरपी सावली पडली आहे. हिवाळ्यातली दुपार शेवाळात अडखळणाऱ्या क्षीण प्रवाहासारखी पुढे सरकते आहे. संथ उताराच्या काळाचे याहून अचूक चित्र भारतीय कवितेत सहजी सापडणार नाही. प्रवाह क्षीण आहे, शेवाळाने तो अडतो, पण थांबत नाही. त्याच सुमाराच्या दुसऱ्या एका कवितेत दूरवर घंटा वाजते आणि तिच्या नादासरशी खेड्यातील, नदीकाठची, प्रवासातली अनेक दृश्ये मनात उमटतात. त्या काळी ती पाहिली-न-पाहिल्यासारखी झाली होती, जाणिवेच्या काठावरून निघून गेली होती. कवी त्यांना उपेक्षित चित्रे म्हणतो. आयुष्याच्या अखेरच्या ताटातुटीची व्यथा हीच चित्रे आणून देतात, आणि तरीही ती भेटीला आली आहेत. सक्तीच्या विश्रांतीने माणसाकडून पुढचे काम काढून घेतले, तर मागचे न पाहिलेले त्याला पाहावयास मिळते, हा या कवितेचा अनुभव आहे. तो सांत्वन म्हणून सांगितलेला नाही. व्यथा आणि लाभ येथे एकाच घंटेच्या नादात येतात.

परत येणाऱ्या या जगात एक कुत्राही आहे. रोज सकाळी तो आसनाजवळ स्तब्ध बसून राहतो, आणि हाताच्या स्पर्शाने त्याची दखल घेतली जाईपर्यंत हलत नाही. माणसातल्या भल्याबुऱ्याचा भेद ओलांडून संपूर्ण माणूस पाहणारा प्राणी म्हणून कवी त्याचा गौरव करतो. आजाराने दुर्बल झालेल्या, दुसऱ्याच्या हाती गेलेल्या माणसाला असे भेदाविना पाहिले जाणे किती मोलाचे वाटत असेल, हे या कवितेत न बोलता व्यक्त झाले आहे.

आणि माणसे आहेत. शुश्रूषा करणाऱ्यांना इतक्या प्रत्यक्षपणे कवितेत आणणारा महाकवी दुर्मिळ. ‘आरोग्य’मध्ये न संपणाऱ्या सांत्वनाची खाण असलेली ‘दिदिमणि’ आहे. उंचनिंच, बळकट बाहूंचे आणि थकल्या रात्री रुग्णाला धीर देणारे ‘विशुदादा’ आहेत. ‘रोगशय्याय’मधील एक कविता तर या दृष्टीने दोन्ही संग्रहांचे शिखर ठरावी. शुश्रूषा करणारी व्यक्ती दिसेनाशी झाली की आजारी मनाला वाटते, पायाखालची पृथ्वी निसटून जाण्याचा कट गुपचूप रचीत आहे. दचकून डोळे उघडावेत, तर ती शेजारीच मान खाली घालून लोकर विणीत बसलेली. तिच्या त्या विणण्याने सृष्टीच्या अढळ शांतीला जणू दुजोरा मिळतो. विश्व कोसळण्याची भीती आणि लोकरीचे टाके, यांच्यामध्ये ही कविता उभी आहे. धीर हा रुग्णाच्या एकट्याच्या मनाचा गुण नसून तो उशाशी बसलेल्या माणसाकडून मिळतो, हे सत्य तिने जितक्या साधेपणाने सांगितले, तितक्या साधेपणाने ते क्वचितच सांगितले गेले असेल.

या जाणिवेमागे कवीचा स्वतःचा जुना अनुभव होता. १९०३ मध्ये क्षयाने आजारी असलेली कन्या रेणुका हिला घेऊन ते अलमोड्यास राहिले होते; ‘शिशु’मधील अनेक कविता त्या काळातल्या आहेत. त्याच वर्षी रेणुकेचा मृत्यू झाला. बिछान्याच्या दुसऱ्या बाजूला बसून रात्री मोजणे म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होते. म्हणूनच स्वतः रुग्ण झाल्यावर त्यांची दृष्टी विणणाऱ्या हातांकडे गेली.

५

या संदर्भात ‘डाकघर’ची आठवण अपरिहार्य आहे. १९११ मध्ये लिहिलेल्या या नाटकातील अमल हा आजारी मुलगा वैद्याच्या आज्ञेने घरात कोंडला गेला आहे. शरदातले ऊन-वारे त्याला वर्ज्य आहेत. खिडकीत बसून तो दहीवाल्याशी, पहारेकऱ्याशी, फुले वेचणाऱ्या सुधेशी बोलतो आणि राजाच्या पत्राची वाट पाहतो. शेवटी राजवैद्य येऊन सारी दारे-खिडक्या उघडावयास लावतो आणि अमल झोपी जातो.

अमलची खिडकी आणि ‘उदयन’ची खिडकी यांत जवळजवळ तीस वर्षांचे अंतर आहे. परंतु महत्त्वाचा फरक काळाचा नाही, वाट पाहण्याच्या प्रकाराचा आहे. अमल पत्राची वाट पाहतो. पत्र दूरच्या कोणाकडून यावयाचे असते आणि ते आले की वाट पाहणे संपते. ‘रोगशय्याय’ व ‘आरोग्य’मधील वृद्धाला पत्राची अपेक्षा नाही. जे खिडकीतून येते, तेच त्याचे पत्र. नाटकातील प्रतीक कवितेत प्रत्यक्ष झाले आहे, आणि तसे होताना त्यातील गूढरम्यता गळून गेली आहे. दहीवाल्याच्या आरोळीवर अमल भाळतो, कारण त्याने डोंगरापलीकडचे गाव पाहिलेले नसते. वृद्ध कवीने ते पाहिलेले आहे, आणि तरीही तो नव्याने भाळतो. बालकाच्या आशेपेक्षा ही आशा अधिक कठीण, कारण ती अज्ञानावर उभी नाही.

६

दुखणे माणसाला स्वतःपुरते करते. नाडी, पथ्य, औषधाची वेळ यांपलीकडे रुग्णाचे लक्ष जात नाही, आणि ते स्वाभाविकही आहे. म्हणून खरा उतार पडल्याची एक खूण अशी, की रुग्णाला दुसऱ्याविषयी कुतूहल वाटू लागते. या कसोटीवर ‘आरोग्य’ हे शीर्षक सर्वाधिक सार्थ होते ते फेब्रुवारी १९४१ मधील श्रमिकांवरच्या कवितेत. आळसावलेल्या काळाच्या प्रवाहात कवीचे मन शून्याकडे पाहत वाहत असते. त्या शून्यात साम्राज्यांच्या सावल्या दिसतात. पठाण आले, मोगल आले, लोखंडी रुळांवरून अग्नी ओकणाऱ्या रथांतून इंग्रज आले, तेही जातील. मग दृष्टी जमिनीकडे वळते आणि वल्ही मारणारी, सुकाणू धरणारी, पेरणारी, कापणी करणारी माणसे दिसतात. ती सर्वत्र कामात आहेत : अंग-वंग-कलिंगाच्या घाटांवर, पंजाबात, मुंबई-गुजरातेत. अंथरुणावर पडलेला माणूस काम करणाऱ्यांची कविता लिहितो, यात विसंगती नाही. स्वतःला काम करता येत नसताना दुसऱ्याच्या कामाकडे मत्सराविना पाहता येणे, हे मनाच्या आरोग्याचे लक्षण आहे.

जानेवारी १९४१ मध्येच, नंतर ‘जन्मदिने’मध्ये समाविष्ट झालेल्या ‘ऐकतान’ या कवितेत शेतकऱ्याच्या, विणकराच्या, कोळ्याच्या जीवनात आपल्याला प्रवेश मिळाला नाही, ही उणीव कवीने उघड मान्य केली आणि मातीजवळच्या कवीची वाट पाहिली. येथेही वाट पाहणेच आहे, पण ते स्वतःसाठी नाही. एप्रिल १९४१ मध्ये, महायुद्धाच्या ऐन भरात, ‘सभ्यतार संकट’ या व्याख्यानात युरोपीय सभ्यतेविषयीचा भ्रमनिरास कठोर शब्दांत सांगूनही माणसावरचा विश्वास टाकणे त्यांनी पाप मानले. व्यक्तीच्या देहाचे आणि जगाच्या देहाचे दुखणे त्या हिवाळ्यात एकच झाले होते. दोहोंना एकच औषध लागू पडत होते : लक्षणे न लपविता विश्वास राखणे.

याचा अर्थ दोन्ही संग्रहांतील प्रत्येक कविता सारखीच उतरली आहे, असे नव्हे. जेथे ज्योती, अनंत, अमृत, चैतन्य या शब्दांची परिचित रांग पुढे येते, तेथे कवितेची नाडी मंदावते. आयुष्यभर वापरलेला तो शब्दसंभार दुर्बल क्षणी आपणहून हाताशी येतो आणि अनुभवाची जागा घेऊ पाहतो. चिमणी, कुत्रा, लोकर, तिरपी सावली, घंटा यांच्या कविता मात्र आजही ताज्या आहेत. कवीच्या भोवती सेवेला माणसे होती, वैद्यक होते, प्रशस्त घर होते, हा आक्षेपही विचारात घ्यावयास हवा. सामान्य रुग्णाला यांतले थोडेच मिळते. परंतु या कवितांतून रुग्णाला ज्या गोष्टींनी धीर दिला, त्यांची यादी केली तर तीत प्रशस्त घर येत नाही. खिडकी येते, सकाळ येते, आणि एक जागे माणूस येते. हे मागणे फार नाही, आणि जेथे एवढेही मिळत नाही, तेथे काय हरपते हे ही कविता अधिक तीव्रपणे दाखवते.

७

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळता येईल. २५ जुलै १९४१ रोजी रवींद्रनाथांना शस्त्रक्रियेसाठी कलकत्त्यास नेण्यात आले. शस्त्रक्रियेला त्यांचे मन अनुकूल नव्हते. ३० जुलैच्या सकाळी, शस्त्रक्रियेपूर्वी, त्यांनी आपली अखेरची कविता सांगून लिहवून घेतली. सृष्टीच्या वाटेवर मायावी फसवणुकीचे जाळे पसरलेले आहे आणि ती फसवणूक सहजपणे सोसणाऱ्यालाच शांतीचा अक्षय अधिकार मिळतो, असा तिचा आशय आहे. आशा फसू शकते, हे कवीला ठाऊक नव्हते असे म्हणण्यास ही कविता जागाच ठेवीत नाही. फसण्याची शक्यता गृहीत धरूनच त्याने आशा बाळगली होती.

निकटवर्तीयांनी लिहून ठेवले आहे, की त्या कवितेत थोडा गोंधळ राहिला आहे असे कवीला वाटत होते. शस्त्रक्रियेनंतर डोके अधिक स्वच्छ होईल असे डॉक्टर म्हणतात, तेव्हा बरे झाल्यावर ती घासूनपुसून ठीक करू, असे त्यांनी सांगितले. ती दुरुस्ती झाली नाही. परंतु ‘आरोग्य’ या शब्दाचा बंगाली अर्थ ज्याने ध्यानी घेतला आहे, त्या वाचकाला या शेवटच्या वाक्यात पराभव दिसणार नाही. उर्वशीच्या चुकलेल्या तालाने सुरू झालेले हे आजारपण कवितेची दुरुस्ती उद्यावर ठेवून संपले. देह बरा झाला नाही. बरे होण्याची वाट मात्र अखेरच्या सकाळीही सुटलेली नव्हती.